वाळूवरची गौर

होळी झाली, कूलर माळ्यावरून खाली आले, आणि काल मऊरानीपुरच्या बसमधून पुलावरून जाताना सहज खाली पाहिलं तर बेतवेची वाळू वर आलेली. फार नाही, पाण्यात बसलेल्या म्हशीची पाठ दिसावी एवढीच. मी जागेवरून उठून खिडकीशी गेले. कंडक्टर म्हणाला, "मैडम जी, अभी बैठिए, स्टॉप दूर है।" त्याला म्हटलं, मला उतरायचं नाहीये, बघायचंय. मराठीतच म्हटलं. त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण तोही वाकून खाली बघायला लागला. खाली वाळूच्या टोकाला एक पांढुरका ठिपका उठला, पाण्यावर तिरका झाला आणि परत येऊन बसला. म्हणजे पक्षी आले होते.

माझी एक मावसबहीण अलिबागकडे असते. मी पक्षी पाहायला जाते म्हटलं की ती फोनवर हसते. "झाशीला कसले गं किनाऱ्यावरचे पक्षी? समुद्र कुठाय तिथे?" मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे, तेव्हा या प्रश्नाला मी सोडत नाही. जिथे पाणी संपतं आणि जमीन सुरू होते तो किनारा. तो खारट असावा अशी अट कोणत्या पुस्तकात आहे ते दाखव म्हणावं. आमचा किनारा वर्षातून काही महिनेच असतो एवढंच. पावसाळ्यात तो बुडतो, थंडीत ओला असतो, आणि फाल्गुन उलटला की हळूहळू अंग सुकवत वर येतो. तेवढ्या वेळात त्याला सगळा संसार उरकायचा असतो.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला ओळखीचा आहे. पुण्या-मुंबईची माणसं आम्हालाही तेच विचारतात. "झाशीला कसले मराठी? महाराष्ट्र कुठाय तिथे?" आमचे पूर्वज इथे सरदारांबरोबर आले आणि राहिले, याला आता किती पिढ्या झाल्या. आम्ही मधेच "लेकिन" म्हणतो, सुनेला "बेटा" म्हणतो, नातवंडांना मराठी कळतं पण उत्तर हिंदीत येतं. तरी दिवाळीत कडबोळी होतात आणि चैत्रात गौर बसते. समुद्र नसलेल्या गावात किनाऱ्याचे पक्षी आणि महाराष्ट्र नसलेल्या गावात आम्ही. दोघेही कोणाला विचारून आलो नव्हतो.

ज्या चैत्राबद्दल लिहायला बसले आहे तो काही वर्षांपूर्वीचा. तो मला अजून नाकाने आठवतो. तापू लागलेली वाळू, खरबुजाच्या वेलींचा हिरवट गोड वास, पाण्याच्या कडेला सुकणारं शेवाळ. आणि सुनंदाच्या स्कूटरचा पेट्रोलचा वास, कारण मी तिच्या मागे बसून जात असे. सुनंदा मूळची सांगलीकडची. नवरा इथल्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, म्हणून कारखान्याच्या वसाहतीत राहणारी. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, गळ्यात कायम दुर्बीण. आमची ओळख लक्ष्मी तालावर झाली. मी महालक्ष्मीच्या दर्शनाला गेले होते आणि ही बाई देवळाकडे पाठ करून तळ्यातली बदकं बघत उभी होती. मी म्हटलं, "आधी देवीला तरी भेटा." ती म्हणाली, "देवी कुठे उडून जातेय?" तेव्हाच जमलं आमचं.

बेतवेच्या त्या वाळूच्या बेटावर सुनंदानेच मला नेलं. पुलापासून थोडं दूर, नदी दोन फाट्यांत विभागते तिथे. दोन्हीकडे बेतवेचे ते लालसर काळे खडक, मधून वाळूकडे उतरणारी एकच चिंचोळी वाट, आणि अलीकडच्या काठावर गेंदारानीची बारी. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डे करून खरबूज, ककडी लावतात त्याला इथे बारी म्हणतात. गेंदारानी दरवर्षी तिथे गवताची खोप घालून राहायची. आम्हाला दुर्बीण लावून बसलेलं पाहून तिने पहिल्या दिवशी विचारलं, "का हिरा गओ, जिज्जी?" काय हरवलं, ताई, म्हणून. आम्ही पलीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "अरे, जे तौ हर साल आउतीं।" आणि आमच्या हातात एकेक ककडी देऊन कामाला लागली.

पलीकडे बसले होते नदी सुरय. डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच, राखाडी पाठ, दुभंगलेली शेपूट. शेजारी नदी टिटव्या होत्या, आणि वाळूच्याच रंगाच्या छोट्या आर्ली, ज्या हलेपर्यंत दिसत नाहीत. हे पक्षी घरटं बांधत नाहीत. वाळूत पोटाने थोडा खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची. वर छप्पर नाही, भोवती काडी नाही. अंड्यांवर ठिपके असे की पाय पडेपर्यंत कळू नये. दुपारी वाळू अशी तापते की आपल्याला चप्पल काढवत नाही. तेव्हा सुरयाची मादी पाण्यावर झेपावते, पोट भिजवते आणि ओल्या पोटाने परत अंड्यांवर येऊन उभी राहते. नर तोवर सावली धरून बसतो. पुन्हा ती जाते, पुन्हा भिजून येते. दिवसभर. मी दोन बाळंतपणं केली आहेत, पण अशी चिकाटी मला जमली नसती असं मला तिथे वाटलं.

आणि मग एका सकाळी ट्रॅक्टर आले.

वाळू उचलायला. बिजौलीकडे कुठे कारखान्यांच्या नवीन शेडची कामं निघाली होती म्हणे. त्या दिवशी त्यांनी अलीकडच्या काठाची थोडी वाळू भरली, गेंदारानीच्या वेलींचा एक कोपरा चिरडला आणि गेले. पण जाताना एकाने फाट्यातल्या पाण्यात काठी घालून खोली पाहिली. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. सुनंदा म्हणाली, "काकू, ते पलीकडे जाणार." बेटावरच्या त्या मऊ, बारीक, स्वच्छ वाळूचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको होता.

आम्ही रीतसर सगळं केलं. अर्ज दिला, फोटो दिले, खनिज खात्यातल्या साहेबांना भेटलो. साहेब सज्जन होते. चहा पाजला, पक्ष्यांचे फोटो कौतुकाने पाहिले आणि म्हणाले, "देखते हैं, मैडम।" नोकरीत मीही पुष्कळांना "बघू हं" म्हटलेलं आहे. त्याचा अर्थ मला शिकवायची गरज नव्हती.

तोवर चैत्र लागला होता आणि आमच्या मंडळात गौरीच्या हळदीकुंकवाची बोलणी चालू होती. मंडळ म्हणजे काय, उरलेल्या मराठी घरांतल्या आम्ही मूठभर बायका. गौर दरवर्षी माईजींकडे बसते. माईजी आमच्यातल्या सर्वांत वडील, शिस्तीच्या पक्क्या. पितळेची छोटी गौर त्यांच्या घराण्यातली. चैत्राच्या तृतीयेला ती झोपाळ्यावर बसते, कारण ती महिनाभर माहेरी आलेली असते. अक्षय्य तृतीयेला, ज्याला इथे अकती म्हणतात, तिची पाठवणी होते. तोवर रोज अंगणात चैत्रांगण काढायचं: सूर्य, चंद्र, गोपद्म, शंख, कासव, पाळणा, फणी-करंडा, मधोमध झोपाळ्यातली गौर. त्या बैठकीत कोणी आंब्याच्या डाळीचं बोलत होतं, कोणी पन्ह्यात गूळ की साखर यावर भांडत होतं. मी मधेच म्हटलं, "यंदा गौर नदीवर बसवू या. त्या वाटेवर."

माईजी म्हणाल्या, "चैत्रांगण अंगणात काढतात. रस्त्यात काढायला ते काय शाळेचं गॅदरिंग आहे?"

मी म्हटलं, "माईजी, माहेरी आलेली लेक जिथे असते ते अंगण. तिथे वाळूवर शंभर लेकी बाळंतपणाला आल्यात. आणि इकडचे लोक चौक ओलांडत नाहीत, तुम्हाला माहीत आहे." चौक म्हणजे आपल्या रांगोळीसारखंच, मंगलकार्यात जमिनीवर रेखतात ते. बुंदेलखंडात त्यावर पाय देत नाहीत. माझा सगळा भरवसा त्यावरच होता.

माईजी उठून देवघरात गेल्या. गौर आणून दिली, पण फडक्यात गुंडाळताना बजावलं, "अकतीला मी स्वतः न्यायला येईन. पाठवणी माझ्या घरूनच होईल." मी हो म्हटलं.

पहिल्या सकाळी आमची चांगलीच फजिती झाली. आम्ही उजाडता उजाडता गेलो, वाटेच्या तोंडाशी भरभर चैत्रांगण काढलं, आणि नेहमीच्या सवयीने पांढरी रांगोळी वापरली. बेतवेची वाळूही पांढरट. ट्रॅक्टर आला, रांगोळीवरून गेला, आणि ड्रायव्हरला काही दिसलंच नाही. सूर्यावरून पुढचं चाक, कासवावरून मागचं. सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या की मला तिथेच वाळूत शिरावंसं वाटलं. जन्मभर अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर रांगोळी काढलेल्या आम्ही. खाली सारवण नसेल तर वर काही दिसत नाही, हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नशीब त्या दिवशीही ते अलीकडचीच वाळू भरून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेरू नेला. गेंदारानीने शेण दिलं, नदीची चिकणमाती दिली. वाट जिथे दोन खडकांमधून उतरते तिथली जमीन घट्ट होती, ती सारवली, वर गेरू फिरवला, आणि मग त्या लालवर पांढरं चैत्रांगण असं उठून दिसायला लागलं की पुलावरून जाणारा ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला. सुनंदाने शंखाच्या शेजारी एक सुरय काढला, खाली ठिपक्यांची अंडी. कोणीतरी म्हणालं, "चैत्रांगणात सुरय कुठून आला?" सुनंदा म्हणाली, "कासव कुठून आलं होतं?" बाजूला छत्रीखाली पाटावर गौर, समोर भिजवलेले हरभरे आणि गेंदारानीची ककडी.

ट्रॅक्टर आला, आणि थांबला. ड्रायव्हर मधल्या वयाचा, डोक्याला गमछा बांधलेला. खाली उतरला, चौकाकडे पाहिलं, चप्पल काढली, हात जोडले. मग डोकं खाजवत म्हणाला, "जिज्जी, अब हम का करें?" मी म्हटलं, "परत जा, भैया." तो गेला.

तिसऱ्या दिवशी वाळूच्या ठेकेदाराचा माणूस आला. स्वच्छ कपडे, काळा चष्मा, बोलणं गोड. "मैडम जी, आप लोग पढ़े-लिखे हैं। धंधे के बीच में धरम मत लाइए।" मी म्हटलं, "धरम हम अपने घर से लाए हैं। आप बालू किसके घर से ले जा रहे हैं?" त्याचं हसू गेलं. त्याने ड्रायव्हरला ट्रॅक्टर चालवायला सांगितलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली बघत म्हणाला, "हमसें न होहै, भैया जी। मोरी मौड़ी कौ ब्याव है जेठ में।" लेकीचं लग्न जवळ असताना चौकावर चाक घालणार कोण. मग तो माणूस स्वतः वर चढला आणि ट्रॅक्टर सुरू केला.

मला भीती वाटली. हे मी लपवणार नाही. ते इंजिन समोर धडधडत होतं आणि त्याच्या झळा माझ्या तोंडावर येत होत्या. पण मी चैत्रांगणाच्या कडेला उभी होते आणि माझ्या उजव्या हाताला सुनंदा खाली बसली, डाव्या हाताला गेंदारानी टोपली मांडीवर घेऊन बसली, आणि मग एकेक करत बाकीच्या, नऊवारीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, गुडघे दुखणाऱ्या. कोणी घोषणा दिली नाही. एकीने तेवढ्यात शेजारणीला कुंकू लावलं, कारण हळदीकुंकूच होतं ते. तो माणूस थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग इंजिन बंद करून उतरला आणि म्हणाला, "कितने दिन बैठेंगी?"

बसलो. रोज. जुनं पुसट झालं की पुन्हा सारवायचं, पुन्हा काढायचं. ऊन चढायच्या आत डाळ, पन्हं, गप्पा, आणि आळीपाळीने दुर्बीण. ज्या बायकांनी उभ्या आयुष्यात चिमणी-कावळ्यापलीकडे पक्षी पाहिला नव्हता त्या आता "अगं, आपली ती कडेची उठली का पाण्याला?" असं विचारायच्या. आपली, असं. पिल्लं बाहेर आली त्या सकाळी तर पन्हं तसंच राहिलं. वाळूचाच कापूस झाल्यासारखी ती पिल्लं. आई मासा घेऊन आली की धावायची, नाहीतर डोकं खाली घालून अशी निपचित की तिथे काही आहे असं वाटू नये.

पण पिल्लं बाहेर येणं आणि पिल्लं उडणं यांत बराच काळ जातो. पंचांग तेवढं थांबत नाही. अकती आली तेव्हा पिल्लांना जेमतेम पिसं फुटत होती.

त्या सकाळी वाटेवर गर्दी होती. गेंदारानीच्या पाड्यातल्या मुली बाहुला-बाहुलीचं लग्न घेऊन नदीवर आल्या होत्या, अकतीला इथे खेळतात तसं. आणि खडकाच्या पलीकडे एकामागोमाग ट्रॅक्टर उभे. काळ्या चष्म्याचा माणूस आज अगदी निवांत होता. हात जोडून म्हणाला, "मैडम जी, हमने पंडित जी से पूछ लिया। आपकी देवी आज विदा हो जाती हैं। उसके बाद यह चौक नहीं बनता। हम शाम तक रुक जाएँगे, कोई जल्दी नहीं।"

त्याने आमचीच रीत नीट विचारून घेतली होती आणि ती बरोबर होती. तेवढ्यात माईजींची ऑटो आली. ठरल्याप्रमाणे गौर न्यायला. हातात खणा-नारळाचं ताट, पाठवणीची सगळी तयारी. मी शब्द दिला होता, म्हणून गौर गुंडाळायचं फडकं काढलं. सुनंदा मात्र पुढे झाली, दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली आणि बेटाकडे वळवली. माईजींना पहिल्यांदा आभाळच दिसलं, मग पाणी, मग वाळूवरची पिल्लं.

"उडत नाहीत अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही, माईजी."

त्यांनी दुर्बीण परत दिली. ताट गौरीपुढे ठेवलं. गौरीला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, आणि झाली आता पाठवणी असं वाटत असताना पदर खोचून खाली बसल्या आणि रांगोळीचा डबा मागितला. आम्ही बघतच राहिलो. "बघताय काय? बाळंतीण घरात असताना लेकीला मुहूर्त बघून पाठवतात का कोणी? पोरं धड होईपर्यंत माहेरीच राहते ती." काळ्या चष्म्याच्या माणसाला मराठी कळलं नाही, पण रंग कळला. तो म्हणाला, "माताजी, पंडित जी ने तो..." माईजींनी मान वर न करता त्याला आमच्या जुन्या घरांतल्या ठसठशीत हिंदीत सांगितलं, "देवी हमारी है, बेटा, तो विदाई भी हम ही तय करेंगे। पंडित जी से कहना, माईजी ने कहा है।"

संपूर्ण वैशाख आम्ही बसलो. नातेवाइकांनी नावं ठेवली. पुण्याहून माईजींच्या पुतण्याचा फोन आला, म्हणे रीत मोडलीत. माईजींनी त्याला सांगितलं की रीत ज्यांच्या हातात आहे त्यांना ती वाकवताही येते, मोडत नाही. ठेकेदाराचे लोक कधी येऊन पाहून जात, कधी धमकी देऊन जात. एकदा चैत्रांगणावर कोणीतरी पाणी ओतून गेलं. आम्ही तासाभरात पुन्हा काढलं, आणि आधीपेक्षा मोठं. सगळी पिल्लं वाचली नाहीत. काही घारींनी नेली, काही कुत्र्यांनी, काही नुसतीच नाहीशी झाली. ते आम्ही थांबवू शकत नव्हतो, आणि मला वाटतं ते थांबवायचंही नव्हतं. जे थांबवायचं होतं ते आम्ही थांबवलं. एका सकाळी बेटावरून एक पिल्लू पाण्यावर धडपडत उडालं, वाकडंतिकडं, आणि खडकावर जाऊन बसलं. मग दुसरं. मग माईजी म्हणाल्या, "आता पाठवू या हिला."

त्यानंतर त्यांनी वाळू उचलली, होय. ज्येष्ठात बेटाचं टोक नाहीसं झालं. मी ते पाहायला गेले नाही. मग पावसाळ्यात नदीने आपल्याला हवी तशी वाळू पुन्हा आणून टाकली, कोणालाही न विचारता. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्या वर्षीही. माईजी आता गेल्या. गौर सध्या माझ्याकडे असते, आणि चैत्रांगणात सुरय काढायला कोणाची हरकत नसते.

काल बसमधून घरी आले तर फोन वाजला. अनोळखी नंबर. आवाज तरुण, अदबशीर. तो ठेकेदाराचा नवीन माणूस होता, या हंगामाचं काम त्याच्याकडे आलेलं. म्हणाला, जुन्या लोकांनी सांगितलंय की आधी तुम्हाला विचारावं लागतं.

"मैडम जी, आपकी देवी इस साल कब विदा होंगी?"

मी म्हटलं, "जब उड़ जाएँगी।"

तो म्हणाला, "जी, तो जेठ मान कर चलें?"

"जेठ मान कर चलो," मी म्हटलं, आणि सुनंदाला फोन लावला, गेरू संपलाय म्हणून.